चौथ्या राजपुत्राचा होकार

‘आपल्याला गादी हवी आहे का?’ असं एका चिनी मालिकेतली रुओशी चौथ्या राजपुत्राला सरळ विचारते. ज्या राजवाड्यात कुणाच्या तब्येतीची चौकशीसुद्धा चार माणसांना वळसा घालून करावी लागते, तिथं एका दासीनं हा प्रश्न तोंडातून काढणं म्हणजे मान सुळावर देणं. आणि ज्यानं आयुष्यभर आपल्या मनाचा थांग सख्ख्या आईलाही लागू दिलेला नाही, तो तिला उत्तर देतो, ‘हवी आहे.’ पुढं स्पष्टीकरण नाही, प्रजेच्या कल्याणाची भाषा नाही. बापाच्या हयातीत हे कबूल करणं राजद्रोहाच्या जवळ जाणारं होतं. त्यानं आपला जीव तिच्या ओंजळीत ठेवला, आणि त्याच क्षणी रुओशी त्याची झाली.

‘बुबू जिंगशिन’ ही चिनी मालिका २०११ साली तिकडच्या हुनान वाहिनीवर आली. तोंग ह्वा या लेखिकेच्या कादंबरीवर बेतलेली, एकूण ३५ भागांची. बाहेरच्या जगात ती ‘स्कार्लेट हार्ट’ या नावानं ओळखली जाते. आपल्याकडच्या बऱ्याच जणांची ओळख आधी २०१६ च्या कोरियन रूपांतराशी झालेली असते. ते देखणं आहे, त्यातली गाणी अजून कानात आहेत, पण मूळ मालिकेत जे आहे ते त्यात उतरलेलं नाही असं माझं ठाम मत आहे. कारण मूळ मालिका एका खऱ्याखुऱ्या दरबारात घडते. तिथला प्रत्येक राजपुत्र इतिहासात होऊन गेलेला आहे, प्रत्येकाच्या मृत्यूची तारीख नोंदलेली आहे, आणि नायिकेला त्यातलं बरंचसं आधीपासून ठाऊक आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. आजच्या काळातली एक नोकरदार मुलगी अपघातात सापडते आणि शुद्धीवर येते ती १७०४ सालच्या पेकिंगमध्ये, तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंपैकी एका सरदाराच्या मुलीच्या देहात. नाव मार्ताई रुओशी. तिची थोरली बहीण रुओलान ही आठव्या राजपुत्राची धाकटी बायको, म्हणून रुओशीचा मुक्काम त्याच्याच वाड्यात. पुढं राजवाड्यासाठी मुली निवडण्याच्या रिवाजाप्रमाणे ती आत जाते आणि सम्राट कांगशीला चहा देणारी दासी होते. (खऱ्या छिंग, म्हणजे या मांचू राजघराण्याच्या, दरबारात अशा कामाच्या दासी सम्राटाच्या खासगीकडच्या चाकर घराण्यांतून येत. सरदाराच्या मुलीला चहाच्या तबकाशी उभं करणं ही लेखिकेनं घेतलेली मोकळीक. पण त्यामुळं रुओशी सम्राटापासून दोन हातांवर उभी राहते आणि सगळं ऐकू शकते, म्हणून मला ती मान्य आहे.)

१७०४ हे साल ऐकताच आई म्हणाली होती, ‘म्हणजे इकडं औरंगजेब राजगड-तोरण्यावर होता तेव्हा.’ अगदी खरं. त्याच वर्षी त्यानं ते दोन्ही किल्ले घेतले आणि तीन वर्षांत नगरजवळ देह ठेवला. त्याच्यामागं मुलांत लढाई जुंपली, आझम १७०७ मध्ये पडला, कामबक्ष १७०९ मध्ये. तिकडं पेकिंगमध्ये कांगशीच्या घरात तेच दुखणं बापाच्या डोळ्यांदेखत सुरू झालं होतं. आई मालिका बघायला बसली ती या एका धाग्यावर. पहिले काही भाग ती सारखी विचारत राहिली, ‘हा कितवा?’ कपाळावरून तासलेली डोकी, मागं लांब वेणी, सगळ्यांचे पोशाख एकसारखे, त्यामुळं हा गोंधळ प्रत्येकाचा होतो. मग चेहरे ओळखू यायला लागतात, आणि तेवढ्यात त्या चेहऱ्यांवर काय चाललंय ते कळेनासं होतं.

कांगशीची अडचण समजून घेतल्याशिवाय या मालिकेतलं प्रेम समजत नाही, म्हणून इथं जरा थांबते. मांचूंमध्ये थोरल्या मुलालाच गादी असा नियम नव्हता. कांगशीनं चिनी पद्धत उचलली आणि पट्टराणीच्या मुलाला, यिनरेंगला, तो रांगता असतानाच युवराज केलं. यिनरेंगचा जन्म १६७४ चा, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या सालचा. त्याला जन्म देतानाच त्याची आई गेली, म्हणून बापाचा त्याच्यावर फार जीव. पण बाप मरेना आणि युवराज म्हातारा होत चाललेला. कांगशीनं ६१ वर्षं राज्य केलं. त्यानं १७०८ मध्ये यिनरेंगला पदावरून काढलं, १७०९ मध्ये परत बसवलं, १७१२ मध्ये पुन्हा काढलं, ते कायमचं. मधल्या काळात त्यानं दरबाऱ्यांना विचारलं, युवराज कुणाला करावं, तुम्ही मोकळेपणानं सांगा. त्यांनी एकमुखानं आठव्याचं नाव सांगितलं, यिनसचं. कांगशी संतापला. ज्याच्याभोवती माझ्या हयातीत एवढी माणसं गोळा होतात, तो मुलगा माझ्या जिवावर उठलेला आहे, असा त्याचा हिशेब.

म्हणजे इथं माणसांना आवडणं हाच गुन्हा. सौम्य, मिठ्ठास, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा आठवा राजपुत्र त्या दिवशीच हरला. मालिकेत केविन चेंगनं तो इतका हळुवार उभा केला आहे की रुओशी आधी त्याच्या प्रेमात पडते याचं जराही आश्चर्य वाटत नाही. गवताळ माळरानावरचे ते दिवस, घोडे, रात्रीची शेकोटी. तिथं ती त्याला एकच मागणं मागते, गादीचा नाद सोड, मी तुझी होते. ती कारण सांगू शकत नाही. तिला त्याचा शेवट माहीत आहे. तो सोडत नाही. त्याच्यासाठी ती आहे आणि गादीही आहे, दोन्ही मिळवता येईल असं त्याला वाटतं. तो तिला फसवत नाही, पण जी गोष्ट त्याच्या आयुष्याचा कणा आहे तिच्याबद्दल तो तिच्याशी कधी नीट बोलतच नाही.

आणि चौथा, यिनझन? तो गप्प. ही भूमिका करणाऱ्या निकी वूचा चेहरा मी कितीतरी वेळा थांबवून पाहिला आहे. दरबारात त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलत नाही. खऱ्या यिनझनबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते एका चित्रसंग्रहानं. राजपुत्र असताना त्यानं शेती आणि रेशीमकामाची चित्रं काढून घेतली, आणि त्यात नांगर धरणारा, रोपं लावणारा शेतकरी म्हणून स्वतःचाच चेहरा घालायला लावला. बायकांना शेतकरणी केलं. ती चित्रं बापाला दाखवायची होती. मला बघा, मी मळ्यात रमलो आहे, मला काही नको. आठव्याच्या वाड्यावर दरबाऱ्यांची गर्दी, आणि हा चिखलात उभा. हे सोंग म्हणून सोडून देता येत नाही, कारण ते त्यानं वर्षानुवर्षं निभावलं. इच्छा इतकी खोल पुरायची की ती वर यायला वीस वर्षं लागली तरी चालेल, हे येरागबाळ्याचं काम नाही.

रुओशीला हाच माणूस ‘हवी आहे’ असं सांगतो. आठव्यापाशी तिला न मिळालेलं जे काही होतं, ते या दोन शब्दांत तिला मिळतं. पुढं तेराव्या राजपुत्राला कैद होते, त्यानं चौथ्यावरचं बालंट स्वतःवर घेतलेलं असतं. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या ल्यूवूला त्याच्यासोबत कोंडवाड्यात राहू द्यावं एवढ्यासाठी रुओशी पावसात गुडघे टेकून बसते. चौथा तिच्याजवळ येतो आणि हातातली छत्री फेकून देऊन तिच्या शेजारी भिजत उभा राहतो. तो तिच्यासाठी रदबदली करू शकत नाही. एक शब्द जास्त बोलला तर तेराव्याचं बलिदान फुकट जाईल. त्याला फक्त भिजता येतं, आणि तो भिजतो. या मालिकेवर प्रेम करणारी माणसं जगात कुठंही भेटली की या प्रसंगापाशी येऊन थांबतात. मीही थांबते. रुओशी झालेली ल्यू शिशी मुळात बॅले शिकलेली नर्तिका आहे. तिचं ते ताठ पाठीनं गुडघ्यांवर बसणं, आणि तासांमागून तास गेल्यावर त्या पाठीत येणारा बारीकसा कंप, हे कुठल्याही संवादापेक्षा जास्त सांगून जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे की या गोष्टीत प्रेम एका बाजूला आणि कारस्थान दुसऱ्या बाजूला असं काही नाहीच. चौथ्याची जी शक्ती रुओशीला ओढून घेते तीच तिला पुढं मारते. सगळं पोटात ठेवण्याची, वाट पाहण्याची, एकदा ठरवलं की कुठल्याही किमतीला न ढळण्याची शक्ती. प्रेमात ती निष्ठा दिसते. गादीवर बसल्यावर ती सूड होते. माणूस बदलत नाही. तो तोच राहतो, फक्त आता त्याला अडवणारं कुणी उरलेलं नसतं.

या सगळ्यात रुओशीच्या हातून घडलेली एक गोष्ट अशी आहे की ती आठवली की माझ्या पोटात खड्डा पडतो. माळरानावरून परतताना, आठवा ऐकत नाही म्हटल्यावर, ती त्याला निदान सावध तरी करते. चौथ्यापासून जप, म्हणते, आणि त्याच्या बाजूच्या माणसांची नावं सांगते. लोंगकोदो, न्यान गेंग्याओ. इतिहासाच्या पुस्तकात वाचलेली नावं. आठव्याचा तोवर चौथ्यावर संशयही नव्हता. या सांगण्यावरून तो आधी वार करतो. त्या वारातून तेराव्याची कैद होते, चौथ्याच्या मनात वैर रुजतं, आणि मग एकामागून एक घाव पडत जातात. १७१४ साली आठव्यानं बापाला नजराणा म्हणून पाठवलेले दोन ससाणे मरणपंथाला लागलेल्या अवस्थेत पोचले आणि कांगशीनं जाहीर केलं की या मुलाशी माझं बापलेकाचं नातं संपलं. हा प्रसंग खरा आहे, मालिकेत तो याच साखळीतला एक दुवा होऊन येतो. रुओशीला हे सगळं कळतं फार उशिरा, पोटात मूल असताना, आठव्याच्या पट्टराणीच्या तोंडून. ते मूल त्या धक्क्यात जातं.

कांगशी २० डिसेंबर १७२२ रोजी गेला. चौदावा राजपुत्र, चौथ्याचाच सख्खा धाकटा भाऊ, तेव्हा वायव्य सरहद्दीवर फौजेचा सेनापती म्हणून होता. राजधानीत चौथा होता आणि पहाऱ्याची सूत्रं लोंगकोदोच्या हातात. मृत्युपत्रातल्या ‘चौदाव्या मुलाला’ या अक्षरांत एक-दोन रेघा वाढवून ‘चौथ्या मुलाला’ असं केलं गेलं, ही आवई तेव्हापासून आजतागायत चीनमध्ये घरोघरी सांगितली जाते. शनिवारवाड्यातला ‘ध’ चा ‘मा’ ऐकत मोठ्या झालेल्या आपल्याला ती लगेच पटते. अभ्यासक मात्र मानत नाहीत. असले दस्तऐवज मांचू लिपीतही लिहिले जात, तिथं ही रेघांची चलाखी चालत नाही, शिवाय लेखनाच्या रिवाजाप्रमाणे ‘सम्राटाचा चौथा पुत्र’ असं पूर्ण लिहावं लागे, म्हणजे नेमक्या जागी खाडाखोड करायला फटच राहत नाही. मला ते पटतं. तरी अफवा जिवंत राहते, कारण तिच्यामागं एका आईचं दुःख आहे. दोघांची आई एकच. थोरला गादीवर बसला, धाकट्याला फौजेवरून बोलावून नजरकैदेत टाकलं. राजमातेचा मान स्वीकारायला तिनं टाळाटाळ केली आणि १७२३ मध्ये ती वारली.

या सत्तांतराच्या वेळी रुओशी कुठं आहे? धोबीखान्यात. कारण तिनं कांगशीची आज्ञा मोडलेली आहे. ते मी शेवटी सांगेन.

यिनझन आता योंगझेंग सम्राट झाला. रुओशीला तो धोबीखान्यातून परत आणतो, तिच्या सुजलेल्या सांध्यांना शेक देतो, तिच्याजवळ बसून कागदपत्रं वाचतो. या भागांत प्रेम कमी झालेलं नाही, उलट कधी नव्हतं इतकं उघड आहे. आणि त्याच हातानं तो यूतानला मारतो. यूतान ही रुओशीची चहाघरातली सोबतीण, बहिणीसारखी, नवव्या राजपुत्रासाठी बातम्या काढणारी. तिला तो वाफेत कोंडून मारतो. हा भाग मी पुन्हा पाहू शकत नाही. रुओशी त्यानंतर जिवंत असते, पण त्या राजवाड्यात आता ती राहू शकणार नाही हे तिच्या चालण्यातूनच कळतं.

खऱ्या इतिहासातही योंगझेंगनं भावांना काय केलं ते पाहण्यासारखं आहे. सम्राटाच्या नावातलं अक्षर दुसऱ्या कुणाच्या नावात नको म्हणून सगळ्या भावांच्या नावातलं ‘यिन’ काढून ‘युन’ केलं गेलं. १७२६ मध्ये आठव्याला आणि नवव्याला राजघराण्यातूनच काढून टाकलं, त्यांना नवी हिणकस नावं घ्यायला लावली, आणि दोघंही त्याच वर्षी कैदेत मेले. त्यांची मूळ नावं घराण्याच्या वंशावळीत परत आली ती १७७८ मध्ये, योंगझेंगचा मुलगा च्येनलोंग याच्या हुकमानं. तेरावा तेवढा वेगळा. योंगझेंगच्या राज्याचा तो उजवा हात होता. १७३० मध्ये तो गेला तेव्हा सम्राटानं हुकूम काढला की माझ्या या भावाच्या नावातलं ‘यिन’ त्याला परत द्या. साऱ्या साम्राज्यात स्वतःखेरीज फक्त एका माणसाला, आणि तेही तो मेल्यावर. मालिकेतलं त्या दोघांचं मैत्र मला एरवी थोडं रंगवून सांगितल्यासारखं वाटलं असतं. हा हुकूम वाचल्यावर तसं वाटत नाही.

त्याच माणसाचं हस्ताक्षर आज उपलब्ध आहे. सुभेदारांनी पाठवलेल्या गुप्त अर्जांवर तो लाल शाईनं स्वतः शेरे लिही, रात्र रात्र जागून. होनान प्रांताच्या त्यान वनजिंगला त्यानं एका अर्जावर लिहिलं आहे, ‘मी हा असाच माणूस, हाच माझा स्वभाव, मी असाच सम्राट.’ चौथ्या राजपुत्राच्या तोंडी शोभेल असं वाक्य, पण कुठल्या पटकथाकारानं लिहिलेलं नाही. आणि त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, तो बापाचा आणि भावांचा घातकी आहे असे आरोप १७२८ च्या एका बंडाच्या प्रकरणात पुढं आले, तेव्हा त्यानं ते दाबले नाहीत. सगळे आरोप आणि त्यांना स्वतः दिलेली उत्तरं एका पुस्तकात छापून त्यानं ते राज्यभर वाटलं, वाचायला लावलं. लोकांनी उत्तरं विसरून आरोप तेवढे लक्षात ठेवले असतील. बाप मरताच च्येनलोंगनं त्या प्रती परत गोळा करायला लावल्या. ज्यानं मन कुणाला दाखवलं नाही, त्या माणसाला आपली बाजू लोकांनी समजून घ्यावी याची केवढी तहान होती! ‘हवी आहे’ हे उत्तर मला तेव्हापासून आणखी खरं वाटतं. अशा माणसाला जन्मात एकदा, एका माणसापाशी तरी, खरं बोलावंसं वाटणारच.

शेवट आता सगळ्यांना माहीत आहे. रुओशी चौदाव्याची नावापुरती बायको होऊन राजवाड्याबाहेर पडते. मरणाआधी ती योंगझेंगला भेटायला ये म्हणून पत्र लिहिते. त्याचीच अक्षरं गिरवत शिकल्यामुळं तिचं वळण हुबेहूब त्याच्यासारखं, पाकिटावर ते दिसलं तर भलताच अर्थ निघेल म्हणून चौदावा ते दुसऱ्या पाकिटात घालून वर स्वतः पत्ता लिहितो. हेरांनी आणलेल्या बातम्यांनी आधीच जळत असलेला सम्राट भावाचं अक्षर बघून पाकीट फोडतच नाही. ज्या संयमानं त्याला गादी मिळवून दिली, त्याच संयमानं तो ते न फोडता बाजूला ठेवतो. मला हा योगायोग वाटत नाही. दुसरा कुणी उतावळा माणूस असता तर त्यानं रागानं का होईना, फोडलं असतं.

माझी एक जवळची मैत्रीण या मालिकेवर चिडून आहे. तिचं म्हणणं, पुढचं सगळं माहीत असून या बाईनं केलं काय? आधी एकावर प्रेम, मग दुसऱ्यावर, मग रडणं, मग मरणं. इतिहास माहीत असलेल्या बाईनं काहीतरी घडवायला नको होतं का? यावर आमचं पुष्कळदा वाजलं आहे. मी तिला म्हणते की तिनं एकदाच घडवायचा प्रयत्न केला, आठव्याला नावं सांगितली, आणि तेच घडलं जे पुस्तकात होतं. राजपुत्रांच्या हातात फौजा होत्या, खजिने होते, तरी त्यातला एकही बापापुढं ‘नाही’ म्हणू शकला नाही. गादीसाठी भांडणाऱ्या नऊ राजपुत्रांचा तो सगळा झगडा वाकलेल्या मानेनं चाललेला आहे. कांगशीनं रुओशीला चौदाव्याशी लग्न कर असा हुकूम दिला. त्या वेळी ते साऱ्या दरबाराच्या डोळ्यांत वर चढत असलेलं स्थळ होतं, आणि तिला फक्त गुडघे टेकून आभार मानायचे होते. डेमियन लाऊचा कांगशी तिच्याकडं बघतो. त्या नजरेत राग उशिरा येतो, आधी येतं ते निखळ आश्चर्य, कारण असं त्याला आजवर कुणी केलेलं नाही. चहाचं तबक धरणारी मुलगी त्याच्या तोंडावर नकार देते, फटके खाते, आणि त्याच्या मरणापर्यंत वर्षानुवर्षं थंड पाण्यात दुसऱ्यांचे कपडे धूत राहते. आठव्याच्या सगळ्या पक्षात, चौथ्याच्या सगळ्या संयमात, एवढी एक गोष्ट कुणाला जमली असेल तर मला दाखव, असं मी मैत्रिणीला म्हणते. तिनं अजून दाखवलेली नाही.